बांधलेल्या पाण्यावरची वीस वर्षं

2 ऑगस्ट 2012. लंडनच्या उत्तरेला ली व्हॅली इथं ऑलिम्पिकच्या महिला कयाक स्लॅलमची अंतिम शर्यत झाली. सुवर्ण फ्रान्सच्या एमिली फेरला मिळालं, रौप्य ऑस्ट्रेलियाच्या अठरा वर्षांच्या जेसिका फॉक्सला. चौथा क्रमांक चेक प्रजासत्ताकाच्या श्टेपांका हिल्गर्टोव्हाचा होता. तिचं वय चव्वेचाळीस आणि हे तिचं सहावं ऑलिम्पिक. सोळा वर्षांपूर्वी, 1996 मध्ये, ती पहिल्यांदा सुवर्णपदक घेऊन उभी राहिली तेव्हा शेजारी कांस्यपदक घेऊन उभी होती फ्रान्सची मिरियम फॉक्स-जेरुसाल्मी, म्हणजे या जेसिकाची आई. आईला मागं टाकणारी बाई मुलीच्या शर्यतीतही पदकाच्या अलीकडे एका पायरीवर होती. क्रीडापत्रकारितेत चौथ्या क्रमांकाला दोन ओळी मिळतात. आम्हाला मात्र या चौथ्या क्रमांकाबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं, आणि तेही यवतमाळच्या वाचकांसाठी.

यवतमाळचा आणि या खेळाचा संबंध काय, असं कुणी विचारील. सरळ उत्तर असं की काहीही नाही. पैनगंगा, वर्धा, पूस, अरुणावती, अडाण, बेंबळा, वाघाडी, निर्गुडा, खुनी इतक्या नद्यांच्या या जिल्ह्यात स्लॅलमची कयाक कुणी पाहिलेली नाही. भोई समाजाचा डोंगा पाहिलेला आहे. पुरात रबरी बोट घेऊन आलेले आपत्ती दलाचे जवान पाहिलेले आहेत. नदीत खेळायचं म्हणजे पोहायचं, आणि तेही घरच्यांच्या नजरेआड, एवढीच आपली नदीशी क्रीडासंबंधांची व्याख्या. तरीही हिल्गर्टोव्हाच्या वीस वर्षांकडे नीट पाहिलं तर त्यात माणसाच्या चिकाटीइतकाच पाण्याचा इतिहास आहे. पाणी कोण अडवतो, कोण सोडतो, कुणासाठी आणि किती वाजता, हा प्रश्न यवतमाळइतका कुणाला जवळचा असेल?

आधी खेळ समजून घेऊ. वेगानं धावणाऱ्या, खडकांवर आपटणाऱ्या पाण्यावर वरून तारा बांधलेल्या असतात आणि त्यांना दोन-दोन दांड्या लोंबत असतात. त्या दांड्यांमधली जागा म्हणजे गेट. हिरवी गेटं प्रवाहाबरोबर पार करायची, लाल गेटं प्रवाहाच्या उलट्या दिशेनं, म्हणजे पुढं जाऊन, खडकामागच्या उलट्या पाण्यात नाव वळवून, पुन्हा वर चढून. एका शर्यतीत अठरा ते पंचवीस गेटं आणि त्यातली किमान सहा लाल. दांडीला वल्हं, नाव, हेल्मेट, काहीही लागलं तर दोन सेकंदांचा दंड. गेट चुकलं तर पन्नास सेकंद, म्हणजे शर्यत संपल्यातच जमा. सगळा प्रकार दीड-पावणेदोन मिनिटांचा. गंमत अशी की गेटांची मांडणी प्रत्येक शर्यतीला नवी असते आणि एकदा ती लागली की त्यावर सराव करता येत नाही. आधी दुसरे कुणीतरी वल्हेकरी त्या मार्गावरून जाऊन दाखवतात, खेळाडू काठावर उभे राहून बघतात, हातवारे करत मनातल्या मनात नाव चालवतात, आणि मग थेट शर्यत.

या एका नियमामुळे हा खेळ वयाशी वेगळ्या प्रकारे वागतो. धावण्यात किंवा पोहण्यात पंचविशीनंतर घड्याळ दया दाखवत नाही. स्लॅलममध्ये दंडातली ताकद आणि फुप्फुसं लागतातच, पण त्याहून जास्त लागते ती पाणी वाचण्याची नजर. इथं लाट फुटेल, तिथं उलटी धार लागेल, अमुक ठिकाणी अर्धा क्षण थांबलं तर पाणी आपणच पुढं नेईल, हे ज्ञान हजारो तास पाण्यात बसल्याशिवाय येत नाही आणि आलं की सहजी जात नाही. जुना शेतकरी ढग पाहून पेरणीचा निर्णय घेतो त्या जातीचं हे ज्ञान आहे. म्हणून या खेळात सतराव्या वर्षीही सुवर्ण मिळतं (स्लोव्हाकियाच्या मिखाल मार्टिकाननं 1996 मध्ये ते मिळवलं आणि स्वतंत्र स्लोव्हाकियाचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण ठरलं) आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी अंतिम फेरीही गाठता येते.

हिल्गर्टोव्हा 1968 च्या एप्रिलमध्ये प्रागमध्ये जन्मली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. तिचं पहिलं ऑलिम्पिक 1992 चं बार्सिलोना, तेव्हा तिच्या पाठीवर चेकोस्लोव्हाकियाचं नाव होतं आणि क्रमांक आला बारावा. पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत तो देशच नकाशावर नव्हता. 1996 ला ती चेक प्रजासत्ताकाकडून उतरली आणि जिंकली, पण कशी! तिची आणि अमेरिकेच्या डाना ख्लादेकची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखी आली: 169.49. तेव्हाच्या नियमानुसार दोन फेऱ्यांतली चांगली वेळ धरायची. बरोबरी झाली म्हणून उरलेली फेरी पाहिली गेली आणि त्यात हिल्गर्टोव्हा सरस ठरली. ख्लादेकही जन्मानं चेकोस्लोव्हाकियाचीच, लहानपणी कुटुंबाबरोबर देश सोडून गेलेली. अमेरिकेतल्या नदीवर अमेरिकेचं आणि चेकचं नाव लावून लढलेल्या त्या दोघी मूळच्या एकाच देशाच्या.

2000 च्या सिडनीत तिनं पुन्हा सुवर्ण घेतलं, या वेळी जवळपास पाच सेकंदांच्या फरकानं, म्हणजे या खेळात पळवूनच. 1999 आणि 2003 मध्ये ती जगज्जेती झाली. अथेन्सला पाचवी, बीजिंगला नववी. बीजिंगच्या उद्घाटनात चेक पथकाचा झेंडा तिच्या हातात होता. मग लंडन. या काळात खेळाचे नियमही स्थिर राहिले नाहीत. दांडीला स्पर्श झाला तर पूर्वी पाच सेकंदांचा दंड होता, तो दोनवर आला, म्हणजे सावधपणाची किंमत घटली आणि धाडसाची वाढली. 2005 पासून नावेची किमान लांबी चार मीटरवरून साडेतीन मीटर झाली. अर्धा मीटर कमी झाल्यानं नाव जागच्या जागी वेगळी वळू लागली, शेपूट पाण्यात दाबून गर्रकन फिरवण्याचं तंत्र सर्रास झालं. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. त्या वयात हाताची जुनी सवय मोडून नवी लावायची आणि विशीतल्या मुलींशी पुन्हा पात्रता फेऱ्या खेळायच्या. अनेक विजेते अशा वळणावर प्रशिक्षक होतात. ती नावेत बसून राहिली.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवी. तिचा मुलगा 1986 चा. म्हणजे पहिल्या सुवर्णाच्या वेळी ती दहा वर्षांच्या मुलाची आई होती आणि आई झाली तेव्हा ती स्वतः अठरा वर्षांची होती. नवरा कयाकपटू, पुढं मुलगाही कयाकपटू. आपल्या जिल्ह्यात अठराव्या वर्षी आई झालेल्या मुलीचं पुढं काय होतं, हे प्रत्येक तालुक्यातल्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाला ठाऊक आहे. तालुका पातळीवर धावण्यात पहिली आलेली पोर दहावीनंतर दिसत नाही. हिल्गर्टोव्हाला काही दैवी वरदान नव्हतं. लष्कराच्या दुक्ला क्लबची नोकरी होती, घरापासून जवळ प्रागच्याच ट्रॉयामध्ये व्ल्तावा नदीवर सरावाचा मार्ग होता, आणि तिथं वर्षभर पाणी होतं.

वर्षभर पाणी. सगळी मेख इथं आहे.

स्लॅलम पाहताना वाटतं की हा रानटी, मोकाट नदीचा खेळ असावा. त्याचा इतिहास मात्र पहिल्यापासून अडवलेल्या, वळवलेल्या पाण्याचा आहे. बर्फावरच्या स्कीइंगवरून सुचलेला हा प्रकार 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये एका तलावाच्या निवांत पाण्यावर सुरू झाला. 1949 मध्ये जिनिव्हाला पहिली जागतिक स्पर्धा झाली. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी आउग्सबुर्गला जो मार्ग बांधला तो जगातला पहिला कृत्रिम धावत्या पाण्याचा मार्ग, आणि ती जागा मुळात होती लेख नदीवरच्या पाणीपुरवठा केंद्राची. हिवाळ्यात यंत्रांत बर्फ अडकू नये म्हणून तो बाजूला काढायला केलेला कालवा. पूर्व जर्मनीनं त्या मार्गाची हुबेहूब नक्कल आपल्या त्स्विकाउ गावी बांधली, तिथं गुपचूप सराव केला आणि चारही सुवर्णपदकं उचलून नेली. शीतयुद्धाच्या इतिहासात हा प्रसंग क्वचितच येतो, पण पाणी आणि सिमेंट हाताशी असेल तर पदकं कशी तयार होतात याचा इतका उघडा नमुना दुसरा नसेल. एवढा खर्च कोण करणार म्हणून स्लॅलम पुढची वीस वर्षं ऑलिम्पिकबाहेर राहिला. 1992 ला तो परतला तो कॅटलोनियातल्या ला सेऊ द'उर्जेलला, सेग्रे नदीच्या काठावरच्या अशा मार्गावर की जिथले पंप उलटे फिरवले की जनित्र होतात आणि वीज तयार करतात.

हिल्गर्टोव्हानं पहिलं सुवर्ण जिंकलं ती टेनेसीतली ओकोई नदी तर या कहाणीचा कळसच. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेनं ओकोईचं पाणी विजेसाठी वळवलेलं आहे. त्यामुळं नदीचं मूळ पात्र वर्षातले बहुतेक दिवस कोरडं, दगडधोंड्यांचं. 1996 साठी त्याच कोरड्या पात्रात दगड रचून ते अरुंद केलं, आणि ठरलेल्या वेळी धरणातून पाणी सोडलं. स्पर्धा सुरू झाली की नदी सुरू, संपली की नदी बंद. पैनगंगेच्या उन्हाळी पात्रात दगड मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना कोरड्या पात्राचं असं रूपांतर ऐकून आश्चर्यापेक्षा किंचित हेवाच वाटेल. पुढं सिडनीजवळ पेनरिथला जुन्या खाणींच्या जागी पंपांवर चालणारी नदी आली, अथेन्सला जुन्या विमानतळावर समुद्राचं खारं पाणी उपसून नदी केली, लंडनलाही पंपच. हिल्गर्टोव्हाची कारकीर्द ओकोईच्या दगडांपासून ली व्हॅलीच्या पंपांपर्यंत पसरलेली आहे, आणि वीस वर्षांत तिला वैर करावं लागलं नाही ते फक्त कोरडेपणाशी.

हा मुद्दा महाराष्ट्रापासून दूरचा वाटत असेल तर कोलाडला जाऊन यावं. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीवर दर सकाळी राफ्टच्या रांगा लागतात. मुंबई-पुण्याची मंडळी हेल्मेट घालून किंचाळत खाली जातात. ते पाणी कुंडलिकेचं नाही. ते मुळशीचं आहे. पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर टाटांनी धरण बांधलं, पूर्वेला जाणारं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला खाली भिऱ्याच्या वीजघरात आणलं. 1927 पासून ते वीजघर चालू आहे. जनित्रं फिरली की वापरलेलं पाणी कुंडलिकेत सुटतं आणि राफ्ट निघतात. या धरणाखाली पन्नासहून अधिक गावांची जमीन गेली, आणि त्याविरुद्ध 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणग्रस्तांच्या लढ्यांचा आपल्याकडचा इतिहास तिथून मोजतात. शंभर वर्षांनी त्या पाण्यावर तीन तासांची सुटीतली मजा विकली जाते आणि बहुतेकांना पाण्याचं गोत्र ठाऊक नसतं. त्यात मजा घेणाऱ्यांचा दोष नाही. पण ज्या पाण्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली त्यावर सहल निघावी आणि महाराष्ट्राचा एखादा स्लॅलम विजेता मात्र निघू नये, हे आमच्या मते आपल्या क्रीडाधोरणाचं नेमकं चित्र आहे. पाण्याचा आपण धंदा उभा करू शकलो, शाळा नाही.

शाळा उभी केली ती मध्य प्रदेशानं. महेश्वरला, अहिल्याबाईंच्या घाटांपासून थोड्या अंतरावर, नर्मदा खडकांत फुटून अनेक धारांनी वाहते. त्या सहस्रधारेवर देशातल्या स्लॅलमच्या स्पर्धा होतात. 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धेतला स्लॅलम तिथंच झाला. इंदिरासागर आणि ओंकारेश्वर ही धरणं वर आहेत, त्यांच्या जनित्रांतून पाणी सुटत राहतं, म्हणून मे महिन्यातही तिथं नाव चालते. इथंही पाठीमागं बुडालेली गावं आहेत, आणि त्या पाण्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. तरी एक फरक पडलाच. आशियाई स्पर्धेच्या भारतीय स्लॅलम संघात जी मुलं-मुली गेली त्यांची वाट बहुधा महेश्वर-भोपाळवरून जाते. ऑलिम्पिकच्या स्लॅलममध्ये अजून एकही भारतीय उतरलेला नाही. उतरला तर तो नर्मदेच्या पाण्यावर वाढलेला असण्याची शक्यता दाट आहे.

आता नकाशावर महेश्वरहून खाली या. उमरखेड तालुक्याच्या कडेला, नांदेडच्या सीमेवर, पैनगंगा काळ्या बेसाल्टमध्ये फुटून खाली कोसळते. सहस्रधारा तिकडे, सहस्रकुंड इकडे. खडकाची जात एक, नावही जवळपास एक. इकडे मात्र पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी, मोबाइलवरचे फोटो, अधूनमधून बुडाल्याची बातमी, आणि जानेवारीनंतर उघडा पडलेला कातळ. सहस्रकुंडाच्या तोंडाशी स्लॅलम खेळावा असं कुणी म्हणणार नाही. तो धबधबा आहे, तिथं जीव जातो. वर आणि खाली मात्र पैनगंगेचा दगडाळ पट्टा लांबच लांब आहे, आणि वरच्या अंगाला, पुसद तालुक्यात, इसापूरचं धरण आहे.

ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या धरणाचा उपयुक्त साठा साडेनऊशे दशलक्ष घनमीटरहून अधिक आहे. इथं थोडं गणित करू. पेनरिथच्या ऑलिम्पिक मार्गाची लांबी 320 मीटर, उतार साडेपाच मीटर, आणि पाणी सेकंदाला 14 घनमीटर. आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत हे साधारण 500 क्युसेक झालं. पावसाळ्यात इसापूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते तेव्हा आकडे हजारांत असतात. 500 क्युसेकवर बातमीचा मथळाही होत नाही. रोज तीन तास एवढं पाणी सोडलं तर दिवसाला दीड लाख घनमीटर, म्हणजे उपयुक्त साठ्याचा सहा हजारावा हिस्साही नाही. शिवाय कयाक पाणी पीत नाही. नाव गेली की पाणी खाली आहे तसंच, शेताला, विहिरीला, पुढच्या बंधाऱ्याला.

यावर जिल्ह्यातला कुणीही जाणता माणूस पहिला आक्षेप घेईल आणि तो रास्त असेल. जिथं 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह तळाला गेली, यवतमाळ शहर टँकरवर आलं, जिथं पैनगंगेच्या काठची गावं दर उन्हाळ्यात नदीत पाणी सोडा म्हणून रस्त्यावर येतात, तिथं खेळासाठी धरणातलं पाणी मागायचं म्हणजे काय? शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं त्यानं पाण्यावर दीड मिनिटाच्या शर्यती कराव्यात? आम्हीही खेळासाठी वेगळं पाणी मागत नाही. शेतीचं आवर्तन सुटतंच. काठच्या गावांसाठी नदीत पाणी सुटतंच, फार उशिरा आणि फार भांडून का होईना. ते सुटणारच असेल तर कोणत्या दिवशी, किती वाजता, किती तास, हे आठवडाभर आधी ठरवता येईल आणि त्यात दिवसा उजेडी नाव चालवता येईल. ओकोईला नेमकं हेच होतं: पाण्याचा धनी वेगळा, हक्क वेगळा, खेळाला फक्त वेळापत्रक मिळालं. भिऱ्यालाही तेच. कुंडलिकेवरच्या राफ्टवाल्यानं टाटांकडून एक थेंब मागून घेतलेला नाही.

कालव्यात मात्र कुणी उतरू नये, हे इथंच सांगून टाकतो. कालव्यात पाणी एका पायरीवरून खाली पडतं अशा छोट्या जागा काठावरून निरुपद्रवी दिसतात. तिथं खाली पडणारं पाणी पृष्ठभागावरून उलटं मागं येतं आणि माणसाला भिंतीशी फिरवत ठेवतं. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. स्लॅलमचे मार्ग बांधणारे अभियंते अशी जागा तयार होऊ नये म्हणूनच सगळी अक्कल खर्च करतात. दगड कुठं ठेवला की उलटी धार होते आणि कुठं ठेवला की सापळा होतो, हे त्यांचं शास्त्र. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याला यातलं निम्मं आधीच येतं.

आपल्या भागाला खेळाची परंपरा नाही असंही नाही. शेजारच्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्याच्या पथकानं कबड्डी आणि मल्लखांबासारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच बर्लिनमध्ये नौकानयनाचा कयाक प्रकार पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या पदकांच्या यादीत आला. कापडी, घडीच्या नावांच्या शर्यतीसुद्धा झाल्या. वऱ्हाडातली ती माणसं आणि त्या नावा एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात होत्या. त्यांनी त्या पाहिल्या की नाही कोण जाणे. पाहिल्या असत्या तरी परत येऊन कुठं चालवल्या असत्या? तेव्हा पैनगंगेवर धरण नव्हतं. आज धरणं आहेत: इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा, अडाण. वसंतराव नाईकांचं आणि सुधाकरराव नाईकांचं गाव याच पुसद तालुक्यातलं. सुधाकररावांचा स्मृतिदिन 10 मे राज्यभर जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. पाणी अडवण्यात या जिल्ह्यानं राज्याला शब्द दिले, माणसं दिली. अडवलेलं पाणी सोडण्याच्या बाबतीत मात्र आपली कल्पनाशक्ती पिकाच्या पाळीपाशी थांबली.

आणि पूर? 22 जुलै 2023 ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पाण्यानं वेढली गेली, त्यांच्यासाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवण्याची वेळ आली. अशा वेळी बोट चालवणारा बाहेरून येतो. वाटेतले पूल पाण्याखाली असतात, तो पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तांड्यापासून दहा किलोमीटरवर वेगवान पाण्यात नाव धरू शकणारी, उलटी धार ओळखणारी, पाण्यात पडलेल्याला दोरी नेमकी कुठं फेकायची हे कळणारी वीस मुलं-मुली असतील तर तो दिवस वेगळा जातो. चेक प्रजासत्ताकात हे वल्हेकरी गावोगाव आहेत. क्लब आहेत, शाळेच्या सुट्टीत नदीवर जाणारी कुटुंबं आहेत. हिल्गर्टोव्हा त्या गर्दीतून वर आली. पदक जिंकणारी एक आणि तिच्यामागं नदी ओळखणारी हजारो माणसं. आपल्याकडे नदी ओळखणारी माणसं होती, भोई होते, ढिवर होते. धरणांनी त्यांची मासेमारी तलावाच्या ठेक्यात नेली, पुलांनी डोंग्याची उतारू वाहतूक संपवली. कुठल्याही क्रीडा प्रबोधिनीनं त्यांच्या पोरांकडे खेळाडू म्हणून पाहिलेलं नाही. उद्या कुणी पाहिलंच तर सुरुवात त्या घरांपासून करावी, आणि मुलींपासून करावी, कारण पोहायला न शिकलेली मुलगी नावेत बसणार नाही आणि गावच्या नदीवर मुलीनं पोहायला शिकणं अजूनही चर्चेचा विषय होतो.

खर्चाचं म्हणाल तर पंप नको, सिमेंटची नदी नको. ऑलिम्पिकच्या मार्गावर जाण्याआधी हिल्गर्टोव्हाच्या पिढीनं अनेक वर्षं साध्या नद्यांवर, काठाच्या झाडांना बांधलेल्या तारांवर लोंबत्या दांड्यांमधून सराव केला. दहा-बारा प्लास्टिकच्या नावा, हेल्मेटं, जॅकेटं, महेश्वरहून दोन वर्षांसाठी बोलावलेला एक प्रशिक्षक, आणि उमरखेडला किंवा पुसदला त्याच्या राहण्याची सोय. जिल्हा नियोजन समितीच्या यादीत याहून मोठी, याहून निरुपयोगी कामं दरवर्षी मंजूर होतात. स्वागतकमानींचा खर्च काढून बघावा.

अडचण पैशाची नाही, खुर्चीची आहे. इसापूरचं पाणी कधी आणि किती सुटायचं हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. तिथं पालकमंत्री असतात, आमदार असतात, पाटबंधारे विभागाचे अभियंते असतात, शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याला तिथं कुणी बोलावत नाही, आणि त्यानंही कधी विचारलेलं नाही. रब्बीच्या पुढच्या बैठकीआधी त्यानं एक पानाचं पत्र द्यावं: नदीत पाणी सोडणार असाल तर तारीख आणि वेळ आठ दिवस आधी कळवा, आणि शक्य तर सकाळी सातला सोडा.